चिंधी कोणाची? : मुलांच्या सोबतीच्या वस्तूंचा एक इतिहास

प्रारंभी एक घरगुती प्रसंग नमूद करणे आवश्यक वाटते, कारण या लेखाची निकड त्यातूनच निर्माण झाली. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करतो. आमची मुलगी दोन वर्षांची असताना तिच्याजवळ सुती लुगड्याच्या काठाकडचा हातभर लांबीचा एक तुकडा असे. लुगडे तिच्या आजीचे. आजीनेच त्याची दुपटी शिवली होती आणि त्यांपैकी एका दुपट्याचा उसवून निघालेला हा तुकडा मुलीने आपला मानला होता. झोपताना तो गालाशी हवा, दवाखान्यात जाताना मुठीत हवा, रडू आले की नाकाशी हवा. त्याला तिने नावही दिले होते : 'मऊ'. आजी गेल्यानंतर काही दिवसांनी, पाहुण्यांसमोर ही कळकट चिंधी नको म्हणून, आम्ही ती गरम पाण्यात साबण घालून भिजत टाकली, स्वच्छ धुतली, उन्हात वाळवली आणि घडी घालून मुलीच्या हाती दिली. तिने ती नाकाशी नेली, खाली टाकली आणि म्हणाली, "ही मऊ नाही." त्यानंतर तिने त्या तुकड्याला कधीही हात लावला नाही.

आम्ही तेव्हा हसलो. एक वाईट सवय सुटली असे समाधानही मानले. पुढे समीक्षेच्या अभ्यासक्रमासाठी मनोविश्लेषणाचे वाचन करताना डोनल्ड विनिकॉट यांचा एक निबंध हाती आला आणि त्या सकाळी आपण नेमके काय धुऊन टाकले ते उमगले. लहान मूल ज्या चादरीला, चिंधीला, बाहुलीला किंवा कापडी अस्वलाला जिवापाड जपते, तिला इंग्रजीत 'कम्फर्ट ऑब्जेक्ट' म्हणतात. 'आधारवस्तू' असा प्रतिशब्द करता येईल. पण आधार निर्जीव खांबाचाही असतो. मराठीत 'सोबत' हा अधिक नेमका शब्द उपलब्ध आहे, म्हणून आम्ही येथे 'सोबतीची वस्तू' असे म्हणणार आहोत. मूल अशा वस्तू कदाचित पूर्वापार जवळ बाळगत आले असेल. मात्र त्या वस्तूकडे पाहण्याच्या मोठ्यांच्या दृष्टीला एक इतिहास आहे, आणि तो 'ही चिंधी कोणाची?' या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे आम्हांला वाटते.

१

इतिहासात मुलाच्या कापडाची सर्वांत काळजीपूर्वक जपणूक जेथे झाली, तेथे ते कापड मुलाला कधीच मिळाले नाही. टॉमस कोरम या निवृत्त दर्यावर्दी गृहस्थाच्या दीर्घ खटपटीनंतर १७३९ मध्ये लंडनच्या 'फाउंडलिंग हॉस्पिटल'ला राजसनद मिळाली आणि १७४१ मध्ये तेथे पहिली बालके दाखल झाली. नाव हॉस्पिटल असले तरी हा अनाथाश्रम होता. दारिद्र्यामुळे किंवा लोकापवादाच्या भीतीने आया आपली तान्ही मुले तेथे ठेवून जात. प्रत्येक बालकाची नोंद करताना त्या कागदाला एखादी खूण जोडण्याची पद्धत होती. पुष्कळदा ती कापडाची असे. कधी आईने आणलेली फीत, कधी बाळाच्याच अंगातील झबल्यातून कापून घेतलेला छापील सुती तुकडा. पुढे कधी आई परत आली, तर ही खूण सांगून तिने आपले मूल ओळखून घ्यावे, हा हेतू.

१७४१ ते १७६० या काळातील असे सुमारे ५,००० तुकडे त्या संस्थेच्या नोंदवह्यांत शिल्लक आहेत. अठराव्या शतकातील सामान्य माणसांच्या वस्त्रांचा एवढा मोठा संग्रह ब्रिटनमध्ये अन्यत्र नाही. जॉन स्टाइल्स या इतिहासकाराने २०१० मध्ये त्यांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा त्यांकडे जगाचे लक्ष गेले. फुले, पाने, पक्षी, हृदयाच्या आकृती असलेले हे तुकडे पाहताना अभ्यासकही हेलावतात. याच काळात दाखल झालेल्या १६,२८२ मुलांपैकी केवळ १५२ मुले परत नेली गेली. थोड्या पुढच्या काळातील सॅरा बेंडर ही अशीच परत आलेली एक आई. १७६७ साली मुलाला सोडताना तिने निरनिराळ्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली, वर हृदय भरलेली एक पट्टी मधोमध कापली. अर्धी संस्थेकडे राहिली, अर्धी तिने जवळ ठेवली आणि आठ वर्षांनी, १७७५ मध्ये, येऊन मुलाला नेले.

ही कथा वाचताना एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. हे सारे कापड आई आणि संस्था यांच्यामधील व्यवहाराचे होते. मुलाला नवे नाव मिळे, संस्थेचे कपडे मिळत आणि त्याची रवानगी खेड्यातील दाईकडे होई. त्याच्या झबल्याचा तुकडा मात्र घडी घातलेल्या कागदात राही. तो त्याला दिसत नसे, हुंगता येत नसे, मुठीत धरता येत नसे. त्या तुकड्याचे मोल पुरावा म्हणून होते, आणि पुराव्याला मुलाचा हात लागून चालत नाही. मुलालाही त्या कापडाशी काही कर्तव्य असेल, हा विचार त्या सहृदय विश्वस्तांच्याही मनात आल्याचे दिसत नाही.

२

विसाव्या शतकाच्या आरंभी मुलाची चिंधी प्रथमच शास्त्राच्या नजरेत आली, परंतु आरोपी म्हणून. जंतूंचा शोध नुकताच लागला होता आणि शिस्तीचे माहात्म्य वाढले होते. अमेरिकेच्या बालक विभागाने १९१४ मध्ये मातांसाठी काढलेल्या 'इन्फंट केअर' या पुस्तिकेत अंगठा चोखण्याच्या सवयीवर उपाय सांगितला आहे : बाही बोटांवर ओढून काही दिवस-रात्री टाचून किंवा शिवून ठेवावी. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ मध्ये बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुशीत घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी त्यांच्याशी हस्तांदोलन करावे, असा त्यांचा सल्ला होता. आईची कुशीच जेथे संशयास्पद ठरली, तेथे कुशीची आठवण देणाऱ्या चिंधीला कोण विचारणार?

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक योगायोग लक्षात घ्यावा. ज्या वर्षी वॉटसन यांचे पुस्तक आले, त्याच वर्षी ए. ए. मिल्न यांच्या 'विनी द पू' मालिकेतील शेवटचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मिल्न यांच्या मुलाला पहिल्या वाढदिवशी, १९२१ मध्ये, लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून आणलेले एक कापडी अस्वल मिळाले होते. त्यातून पुढे १९२६ चे 'विनी द पू' आणि १९२८ चे 'द हाउस ॲट पू कॉर्नर' ही पुस्तके घडली. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात वाढत्या वयाचा मुलगा आपल्या अस्वलाचा निरोप घेतो. तो निरोप लेखकाने थट्टेवारी नेलेला नाही. शास्त्र ज्या नात्याला दुर्बलता म्हणत होते, त्या नात्याचा मान बालसाहित्याने राखला होता. ते मूळ अस्वल १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. पुन्हा एक संग्रह, पुन्हा काचेआड ठेवलेली वस्तू. पण या वस्तूवर आधी एका मुलाचा हात पुरेपूर फिरलेला होता.

मनोविश्लेषकांचीही दृष्टी आरंभी संशयाचीच होती. मोशे वुल्फ यांनी १९४६ च्या एका निबंधात लहान मुलांच्या अशा वस्तुप्रेमाचा विचार प्रौढांच्या लैंगिक विकृतीशी जोडून, 'फेटिश' या संज्ञेखाली केला. म्हणजे पुरावा, घाण, वाईट सवय आणि आता रोगलक्षण, असा या चिंधीचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर तिचा अर्थ मोठ्यांनी ठरवला होता.

३

ही दृष्टी बदलण्यास एका महायुद्धाचा हातभार लागला. जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १ सप्टेंबर १९३९ पासून इंग्लंडमधील मोठ्या शहरांतून मुलांचे स्थलांतर सुरू झाले. काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलवली गेली. त्यांत आठ लाखांहून अधिक शाळकरी मुले आईबापांविना होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला विषारी वायूपासून संरक्षण करणारा मुखवटा आणि हातात लहानसे बोचके घेतलेली ही मुले अनोळखी गावी, अनोळखी घरांत उतरली. बोचक्यात काय असावे याच्या सूचना पालकांना मिळत : बदलायचे कपडे, मोजे, टूथब्रश, कंगवा, टॉवेल, हातरुमाल. यादी व्यवहारचतुर होती आणि शरीराच्या सर्व गरजा तीत येत होत्या.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनल्ड विनिकॉट या तिघांच्या सह्या होत्या. दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आईपासून दीर्घकाळ दूर ठेवल्यास त्यांच्या मनाची गंभीर हानी होऊ शकते, असा इशारा त्यात होता. बॉम्बपासून वाचवण्याच्या योजनेतही एक धोका आहे, हे सांगण्याचे धैर्य त्या पत्राने दाखवले.

विनिकॉट मूळचे बालरोगतज्ज्ञ. १८९६ मध्ये प्लीमथला जन्मलेल्या या डॉक्टरने १९२३ पासून सुमारे चाळीस वर्षे लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन येथील बालरुग्णालयात काम केले. आई मुलाला मांडीवर घेऊन समोर बसली आहे, मूल टेबलावरील वस्तूकडे पाहत आहे, हात पुढे करावा की न करावा अशा विचारात आहे, हे दृश्य त्यांनी हजारो वेळा पाहिले असेल. युद्धकाळात ऑक्सफर्डशायरमधील वसतिगृहांत त्यांची सल्लागार म्हणून नेमणूक झाली. ज्या स्थलांतरित मुलांना कोणतेही घर सांभाळू शकले नव्हते, ती मुले तेथे राहत. क्लेअर ब्रिटन या समाजसेविका तेथे त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५१ मध्ये दोघांचा विवाह झाला. युद्धातूनच विनिकॉट यांची संकल्पना जन्मली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण तिची बीजे त्यांच्या रुग्णालयातील निरीक्षणांत आधीपासून होती. पण आईपासून तुटलेली एवढी मुले एकाच वेळी पाहिल्यावर, मूल आईची अनुपस्थिती सोसते तरी कसे, हा प्रश्न टाळणे कोणालाच शक्य उरले नाही.

४

मे १९५१ मध्ये विनिकॉट यांनी ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेपुढे एक निबंध वाचला. १९५३ मध्ये तो छापला गेला आणि 'ट्रान्झिशनल ऑब्जेक्ट' ही संज्ञा रूढ झाली. मराठीत तिला 'संक्रमणवस्तू' म्हणता येईल. निबंधाचे म्हणणे थोडक्यात असे. तान्ह्या बाळाला आई आणि आपण वेगळे आहोत याची जाणीव नसते. भूक लागते, दूध येते. जणू ते आपणच निर्माण केले. हळूहळू जग आपल्या बाहेर आहे, ते आपल्या इच्छेने चालत नाही, हे कळू लागते. हे कळणे सोपे नसते. या दोन अवस्थांच्या मधल्या प्रदेशात, साधारण चार ते बारा महिन्यांच्या वयात, मूल एखादी वस्तू निवडते. ती त्याची पहिली 'मी नव्हे' अशी मालमत्ता असते. ती अंगठ्यासारखी शरीराचा भाग नाही आणि अजून पूर्णपणे परकीही नाही.

या वस्तूचे काही नियम विनिकॉट यांनी नोंदवले आहेत. मूल तिच्यावर हक्क सांगते आणि मोठे तो मान्य करतात. ती कुरवाळली जाते, तशीच आपटली, चावली, ओढलीही जाते, आणि हे सारे सोसून तिने टिकून राहायचे असते. तिच्यात बदल करायचा तो मुलानेच. ती मळते, तिला वास येतो, पण समजूतदार आई ती धूत नाही. धुण्याने मुलाच्या अनुभवातील सातत्य तुटेल, हे तिला न शिकता कळलेले असते. आणि शेवटी या वस्तूचे काय होते? ती मरत नाही, तिचा शोकही होत नाही. मुलाचे विश्व विस्तारत जाते, तसतसा तिचा अर्थ सर्वत्र पसरत जातो आणि ती अडगळीत जाऊन पडते.

या निबंधातील सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र निराळीच आहे. ही वस्तू मुलाने कल्पिली की ती त्याला बाहेरून मिळाली? विनिकॉट सांगतात की हा प्रश्न मुलाला विचारायचा नसतो. चिंधी आजीने शिवलेल्या दुपट्याची होती हे खरे, आणि 'मऊ' मुलीने निर्माण केली हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे राहू देणे, हा मोठ्यांनी मुलाशी केलेला अलिखित करार असतो. फाउंडलिंग हॉस्पिटलच्या नोंदवहीपासून वुल्फ यांच्या निबंधापर्यंत चिंधीची मालकी मोठ्यांकडे होती. या निबंधाने ती मुलाकडे सुपूर्द केली.

वस्तूच्या अनन्यतेविषयीचे हे निरीक्षण पुढे प्रयोगानेही दुजोरा मिळवून गेले. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवले. ते कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत काढते, असा भास निर्माण केलेला होता. साध्या खेळण्याची प्रत मुले आनंदाने घेत. पण ज्यांची झोपताना जवळ घ्यायची एखादी लाडकी वस्तू होती, त्यांतील काहींनी ती यंत्रात ठेवूच दिली नाही, आणि ज्यांनी ठेवली त्यांतील बहुतेकांना मूळचीच परत हवी होती. लेखकाच्या हस्तलिखिताची छायाप्रत समोर असूनही मूळ कागद पाहण्यासाठी दूरच्या ग्रंथालयापर्यंत जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मुले परकी वाटू नयेत.

५

तथापि येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. सोबतीची वस्तू एवढी समर्थ असेल, तर मुलाच्या हाती एखादे मऊ अस्वल दिले की माणसांची गरज संपते, असे कोणी म्हणेल. पन्नासच्या दशकातील दोन घटना या समजुतीला उत्तर देतात.

जेम्स रॉबर्टसन युद्धकाळात ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेड येथील बालगृहात बॉयलर सांभाळण्याच्या कामावर लागले आणि तेथेच मुलांचे निरीक्षण करण्यास शिकले. तेव्हाच्या इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांना आईबापांनी भेटण्यावर कडक निर्बंध होते. मुले शांत असतात, भेटीनंतरच रडतात, म्हणून भेटी नकोत, असा युक्तिवाद केला जाई. १९५२ मध्ये रॉबर्टसन यांनी लॉरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या अडीच वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट केला. एका लहान शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस रुग्णालयात होती. आपले अस्वल आणि आपल्या चादरीचा तुकडा तिने घट्ट धरून ठेवला होता. ती फारशी रडत नाही. चेहरा आवळून धरते, मधूनच आईविषयी विचारते आणि दिवसागणिक आईपासून दूर होत जाते. अस्वल आणि चादर जवळ असतानाही हे घडत होते. वैद्यकीय श्रोत्यांपैकी अनेकांनी चित्रपटावर रोष व्यक्त केला. पण १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवण्याची शिफारस केली.

दुसरी घटना अमेरिकेतील. हॅरी हार्लो यांच्या प्रयोगशाळेत माकडांची पिल्ले आयांपासून वेगळी वाढवली जात. पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेली कापडे बदलण्यासाठी काढली की पिल्ले आकांत करीत, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून ते प्रसिद्ध प्रयोग झाले. तारेची एक 'आई' आणि मऊ कापडाने मढवलेली दुसरी. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्लू दिवसाचा बहुतेक काळ कापडाच्या आईला बिलगून राही. १९५८ मधील हार्लो यांच्या व्याख्यानाने वॉटसन यांच्या शिकवणीला मोठा हादरा दिला. पण गोष्ट येथे संपत नाही. कापडाच्या आईजवळ वाढलेली ही माकडे मोठी झाल्यावर इतरांत मिसळू शकली नाहीत आणि त्यांतील कित्येक माद्यांना स्वतःच्या पिल्लांना सांभाळता आले नाही. या प्रयोगांतील निर्दयपणाची चर्चा आजही होते, आणि ती व्हायलाच हवी. कापड ऊब देते, पण प्रत्युत्तर देत नाही, ही त्या माकडांनी मोजलेल्या किमतीतून मिळालेली शिकवण आहे.

विनिकॉट यांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले होते. चिंधीत जीव असतो तो मुलाच्या मनात आई जिवंत असेपर्यंत. आई काही वेळ दूर असली तर मूल सोसते. आणखी काही वेळ लागला तर दुःखी होते, पण ती आल्यावर सावरते. त्याहून अधिक काळ गेला की मनातील आईची प्रतिमा विझू लागते आणि चिंधीही नुसती चिंधी उरते. म्हणून १९३९ च्या यादीत एखाद्या खेळण्याची भर घालून तो प्रश्न सुटला नसता. सोबतीची वस्तू ही दोन भेटींमधील पूल आहे. पलीकडचा काठ खचला तर पुलाचा उपयोग राहत नाही.

६

आता एक प्रश्न आपल्या बाजूने विचारणे भाग आहे. ही सारी चर्चा अशा समाजातील आहे, जेथे तान्हे मूल वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर झोपते. इटलीतील रेनाटा आणि युजेनिओ गद्दिनी यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की ग्रामीण इटलीतील फार थोड्या मुलांकडे अशी वस्तू होती, रोम शहरातील मुलांत ते प्रमाण बरेच अधिक होते आणि रोममध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबांत त्याहूनही अधिक. कोरियन आणि अमेरिकन मुलांची तुलना करणाऱ्या १९७६ च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. आईचा देह रात्रभर हाताशी असेल, तर आठवणीसाठी कापड कशाला? सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' या १९७८ च्या ग्रंथात भारतीय बालकाच्या आईशी असलेल्या दीर्घ आणि निकट सहवासाचे जे विवेचन केले आहे, ते येथे आठवावे. आमच्या लहानपणी मुले आईच्या पदराचे टोक बोटाला गुंडाळून झोपत. त्या पदराला आई जोडलेली असे.

म्हणून अशी वस्तू नसणे ही उणीव नव्हे, आणि असणे हा रोग नव्हे. परंतु मराठी घरातील दुपट्याचा विचार केला तर आणखी एक मुद्दा पुढे येतो. आपल्याकडे बाळासाठी नवे कापड आणण्यापेक्षा जुने, अनेकदा धुतलेले, वापरून मऊ झालेले लुगडे फाडून त्याची दुपटी आणि बाळंती करण्याची रीत आहे. गोधडीही अशाच जुन्या कापडांचे थर टाके घालून जोडते. म्हणजे मुलाच्या हाती येणारे कापड मुळात कोणाच्या तरी अंगावरचे असते. विनिकॉट यांच्या मुलाला दुकानातील अनामिक चादरीत आई निर्माण करावी लागते. आमच्या मुलीच्या हाती आलेल्या कापडात आजी आधीच होती. मुलाची निर्मिती येथे शून्यातून होत नाही, ती परंपरेतून होते. सॅरा बेंडरची तुकड्यातुकड्यांची पट्टी आणि आपली गोधडी यांत शिवणीचे साम्य आहे. पण ती पट्टी नोंदीत बंद झाली आणि गोधडी मुलाच्या अंगावर आली.

७

या इतिहासातील भारताशी असलेला आणखी एक धागा साहित्याच्या विद्यार्थ्यांना विशेष मोलाचा वाटेल. १९६७ मध्ये विनिकॉट यांनी सांस्कृतिक अनुभवाचे स्थान कोठे असते, या विषयावर निबंध लिहिला. पुढे तो १९७१ च्या 'प्लेइंग अँड रिॲलिटी' या ग्रंथात समाविष्ट झाला. त्याच्या शिरोभागी रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'गीतांजली'च्या इंग्रजी अवतारातील साठाव्या कवितेची, समुद्रकिनारी खेळणाऱ्या मुलांविषयीची ओळ आहे. तरुण वयात वाचलेल्या या ओळीचा अर्थ आपल्याला कळत नव्हता, पण ती मनातून गेली नाही, असे विनिकॉट सांगतात. खेळ आतही नसतो आणि बाहेरही नसतो. तो किनाऱ्यावर असतो. चिंधीपासून सुरू झालेला तो मधला प्रदेशच पुढे कला, धर्म, साहित्य यांचा प्रदेश होतो, हा त्यांचा सिद्धान्त.

ही कविता मूळ बंगालीत रवींद्रनाथांच्या 'शिशु' या संग्रहातील. त्यातील अनेक कविता १९०३ मधील आहेत. नोव्हेंबर १९०२ मध्ये रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनी देवी यांचे निधन झाले होते. मधली मुलगी रेणुका क्षयाने आजारी होती आणि १९०३ मध्ये तीही गेली. आईविना झालेल्या मुलांच्या सहवासात या कविता लिहिल्या गेल्या. चिंधीवर मूल जो भार टाकते, तसाच भार एका वडिलांनी शब्दांवर टाकला होता. इंग्लंडमधील एका मुलांच्या डॉक्टरला ती ओळ आयुष्यभर पुरली, याचे आता आम्हांला नवल वाटत नाही.

आमच्या अध्यापनाविषयीही एक कबुली द्यायला हवी. कविता शिकवताना 'हे कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारत आलो. कवीच्या चरित्रात तिचा उगम शोधतो, सिद्धान्ताच्या साबणात ती भिजवतो, अर्थ स्वच्छ करून घडी घालून विद्यार्थ्यांच्या हाती देतो. मग विद्यार्थी ती नाकाशी नेतात आणि खाली ठेवतात. चिकित्सा सोडून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती आपल्या व्यवसायाचा धर्मच आहे. मात्र विद्यार्थ्याने कविता काही काळ आपल्याजवळ बाळगावी, चुकीच्या अर्थाने का होईना तिला स्वतःचे नाव द्यावे, एवढा अवधी वर्गात असला पाहिजे. 'तुला हे सापडले की तू हे निर्माण केलेस?' हा प्रश्न त्या अवधीत न विचारण्याचा संयम शिक्षकाकडे हवा.

आमची मुलगी आता महाविद्यालयात आहे. 'मऊ' तिला आठवत नाही. विनिकॉट यांच्या म्हणण्याप्रमाणे तसे होणे स्वाभाविकच. मात्र तिची 'मऊ' आपोआप अडगळीत गेली नव्हती, ती आम्ही घालवली होती. तिला निरोप देण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार मुलीचा होता. धुतलेला तो तुकडा आम्ही टाकून दिला नाही. कपाटात आजीच्या उरलेल्या लुगड्यांबरोबर तो ठेवलेला आहे. त्याला आता साबणाचाही वास येत नाही. चिंधी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले तेव्हा ती कोणाचीच उरली नव्हती. ज्यांच्या घरी अजून एखादी मळकी, वास येणारी, नाव असलेली चिंधी आहे, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.